दाव्याला घरचं माणूस

आष्टी
४ फेब्रुवारी २०१३

श्री. मोहनराव थोरवे,
अध्यक्ष, सहकारी दूध संस्था, यांस

तुमच्या चारा छावणीतल्या सकाळच्या हजेरीमुळे आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी नोकरीला मुकणार आहे. म्हणून हे पत्र. एरवी मी लिहिले नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मुलीचे नाव वैजयंता राधाकिशन सानप. गेल्या जूनमध्ये ती पदवीधर सहायक म्हणून कॉलेजात लागली. सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रात्यक्षिक घ्यायचे आणि दुपारी स्वतःच्या एम.एस्सी.च्या वर्गात बसायचे, असे या जागेचे स्वरूप असते. पाणी नसल्याने कॉलेज यंदा सकाळचे केले आहे. प्रात्यक्षिक साडेसातला सुरू होते.

तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले आहेत. एक म्हैस आणि एक गाय तुमच्या संस्थेच्या छावणीत आहेत. त्यांच्याजवळ आजोबा आप्पाराव राहत होते. जानेवारीत टँकरच्या चिखलात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ते आता लेकीकडे अंथरुणावर आहेत. तुमचा नियम असा की हजेरीच्या वेळी प्रत्येक जनावराच्या दाव्याला घरचे माणूस उभे पाहिजे. नसले तर जनावराचे नाव कमी. ही हजेरीही साडेसातलाच असते. मुलगी दोन्हीकडे उभी राहू शकत नाही.

साडेसात ही वेळ सरकारने ठरवलेली नाही. मी तहसीलात जाऊन विचारले. वेळ संस्थेची आहे. तरी हजेरी सहाला घ्यावी, अथवा या मुलीच्या जागी दुसरे माणूस चालवून घ्यावे, ही विनंती.

सत्यभामा ग. थोरवे
निवृत्त विभागप्रमुख, रसायनशास्त्र

ता. क. हे पत्र बहीण म्हणून लिहिलेले नाही.


८ फेब्रुवारी

मोहन,

‘तुम्ही’ लिहायला हात वळत नाही. एकदा जमले, पुरे झाले.

काल तुझा शहादेव जीप घेऊन आला. तू लेखी उत्तर देणार नाहीस हे मी धरून चालले होते. पण ड्रायव्हरच्या तोंडी निरोप, आणि तोही उंबऱ्याबाहेर उभे राहून?

“अक्का, साहेब म्हनले, नियम सगळ्याला सारखा. एकीला सूट दिली की उद्या समदी छावणी आपल्या दारात.”

“आणि वेळेचं काय म्हणाले?”

“वेळेचं काय न्हाई बोलले.”

“म्हणजे साहेब अजून उशिराच उठतात.”

तो हसला. मग आपण कोणाच्या जीपमधून आलो ते आठवून गंभीर झाला. चहा घेतला नाही.

नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. एकच म्हैस सकाळी एका छावणीत आणि संध्याकाळी दुसऱ्या छावणीत मोजली जाते, हे मीही ऐकले आहे. चारा खऱ्या जनावराला मिळायचा तर दाव्याला माणूस पाहिजेच. भांडण नियमाशी नाही. पण ही मुलगी तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

निवृत्त झाले तरी दर जूनला नव्या सहायकांचा वर्ग मीच घेते. कालपर्यंत बाकावर बसलेली ही पोरे एकदम टेबलापलीकडे उभी राहतात. त्यांना वाटते, बाई आता प्रयोग शिकवणार. प्रयोग त्यांना येतातच. मी शिकवते ते वेगळे. ब्युरेटच्या काचनळ्या धुणे हे तुमचे काम आहे, वरिष्ठांचा चहा आणणे तुमचे काम नाही. स्वतःची परीक्षा तोंडावर असताना दुसऱ्याच्या पेपरांचे गठ्ठे घरी नेऊ नका. डबा बाराला खायचा, तीनला नाही. घरी अडचण आली तर लपवू नका, विभागात सांगा. शेवटी कागदावर तीन रकाने पाडायला लावते. एक कामाचा, एक अभ्यासाचा आणि तिसरा ज्याचा त्याचा. त्यात असे काहीतरी लिहायचे, जे नोकरी आणि परीक्षा दोन्हींना हात लावू द्यायचे नाही.

यंदा एकाने क्रिकेट लिहिले. एकाने मान खाली घालून बायकोचे नाव लिहिले. घाटनांदूरच्या दुकानदाराची नीलम्मा आहे, तिने ‘झोप’ लिहिले. मी शेरा दिला, उत्तम. वैजयंताचा रकाना कोरा होता.

“काय गं, तुझं काहीच नाही?”

“सुचंल तवा लिहिते, बाई.”

मी पुढच्याकडे वळले.

जानेवारीत ती दोनदा उशिरा आली, मग एक दिवस आलीच नाही. पोरे रिकाम्या ब्युरेटींसमोर तासभर उभी. तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली. मी तिला घरी बोलावले. ती आली तेव्हा सलवारीच्या कडेला शेण लागलेले होते आणि ती पाय मागे घेऊन बसली होती.

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं, बाई?”

“मी जूनमध्ये काय शिकवलं होतं?”

“शिकवलं व्हतं. पण मला वाटलं, ते कुणाला ताप आला, कुणाचं लगीन निघालं तर. म्हशीसाठी कोन सुट्टी मागतंय?”

मी तिला जेवायला वाढले. त्या दिवसापासून ती माझ्याकडेच राहते, आणि हजेरी देऊन प्रयोगशाळेत रोज उशिरा पोचते.

आता मुद्द्याचे. दाव्याला घरचे माणूस पाहिजे, पण घरचे म्हणजे कोण, हे तुझ्या नियमात लिहिलेले नाही. वैजयंताची आणि माझी चूल एक आहे. आप्पारावांची परवानगी मी घेतली आहे. तेव्हा सोमवार, ११ फेब्रुवारीपासून सकाळी साडेसात वाजता सानपांच्या दाव्याला मी उभी राहीन. तुला अगोदर कळवते आहे. मागाहून कळले, अशी तक्रार नको.

सत्यभामा


१३ फेब्रुवारी

मोहन,

पेपर तू पाहिला असशील. ‘अध्यक्षांच्या भगिनीचा छावणीत ठिय्या’. फोटोत म्हशीचे तोंड स्वच्छ आले आहे, माझ्या तोंडावर छत्रीची सावली आहे.

मी ठिय्या दिलेला नाही. काय झाले ते जसेच्या तसे लिहिते.

सोमवारी मी घडीचे स्टूल आणि छत्री घेऊन रिक्षाने छावणीत गेले. बघते तो फाटकाशी पोलीस उभा. मला वाटले चारा चोरीला गेला असेल. मी सानपांची दावण शोधली आणि म्हशीचे दावे हातात घेतले. शेजारच्या दावणीच्या सुंदरबाई म्हणाल्या, “बाई, छत्री मिटा आदी. बुजंल ती. अन् दावं असं सापावानी धरू नका, ती चावत न्हाई.” मी छत्री मिटली. म्हशीने माझ्या स्टुलाचा वास घेतला आणि तिला ते पसंत पडले नाही.

तेवढ्यात पोलीस वही घेऊन आला.

“बाई, किती वाजेपर्यंत बसणार?”

“हजेरी होईपर्यंत.”

“संगट कोन कोन हाय?”

“एक म्हैस, एक गाय.”

“मागण्या काय?”

“म्हैस मोजा.”

त्याने लिहून घेतले. खरेच लिहून घेतले. खाली रेघ मारली आणि दुसऱ्या मागणीची वाट बघत उभा राहिला.

मग तुझा कारकून गुरुपाद आला. तो माझा विद्यार्थी, द्रावणे नीट करायचा. मला बघून त्याने पेनाचे टोपण लावले.

“मॅडम, तुमी खाली बसू नका. ऑफिसात चला. पंखा हाय.”

“म्हैस ऑफिसात मावेल का? लिही. आप्पाराव सानप, जनावरे दोन, दाव्याला सत्यभामा थोरवे.”

“साहेबांना इचारतो,” म्हणून तो जो गेला तो गेलाच. तोवर बायका जमल्या होत्या. बाई आपल्यासाठी बसल्यात असे एकीने दुसरीला सांगितले. मग कोणी टँकरचे सांगू लागली, कोणी पेंडीचे. चाऱ्याचा काटा त्या दिवशी लोकांसमोर आणून ठेवला आणि प्रत्येक पेंढी मोजून दिली. “रोज येत जा, बाई,” सुंदरबाई म्हणाल्या, “तुमी आलात की काटा सुदरतो.” मागून पोरांनी घोषणा दिली, सत्यभामाबाई तुम आगे बढो. मी विचारले, “पुढं कुठं जाऊ? म्हैस सोडून?” तर टाळ्या पडल्या.

शहादेव आला तेव्हा गर्दी दुप्पट झाली होती.

“अक्का, कावून उन्हात बसलाव? साहेबांनी बीपीची गोळी घेतलीया.”

“त्याला म्हणावं, गोळी उपाशीपोटी घेऊ नको.”

चूक कुठे झाली ते मला घरी येऊन कळले. गुरुपाद संध्याकाळी येऊन गेला. तो म्हणाला, तुमच्या पत्रात तारीख होती, वेळ होती, जागा होती. साहेबांनी ते वाचून पोलिसात कळवले. मोहन, आपल्याकडे तारीख, वेळ आणि जागा आधी कळवून येतो तो माणूस आंदोलनालाच येतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. मी निरोप दिला, तू निवेदन वाचलेस. तू अध्यक्ष झाल्यापासून तुला दुसऱ्या कसल्या कागदाची सवय राहिलेली नाही आणि मला साधे पत्र लिहायची राहिलेली नाही.

एप्रिलमध्ये संस्थेची निवडणूक आहे, हेही गुरुपादकडूनच समजले. मी कोणाच्या पॅनेलमध्ये नाही. विरोधातले दोघे घरी येऊन गेले. त्यांना पाणी दिले आणि दार दाखवले.

माझे नाव लिहायचे की नाही हे साहेबच सांगतील, असे गुरुपाद म्हणतो, तेव्हा ते तरी कळव. मी उद्याही जाणार आहे.

सत्यभामा


१९ फेब्रुवारी

मोहन,

आज दोन कागद आले. एक मला. छावणीतील आंदोलनात सहभाग घेतल्यामुळे सहायकांचा वर्ग आपल्याकडून काढून घेण्यात येत आहे. दुसरा वैजयंताला. तिची नेमणूक मार्चअखेर संपवण्यात का येऊ नये, याचा खुलासा आठ दिवसांत द्यावा. खाली प्राचार्यांच्या सह्या.

माझा कागद मी घडी करून ठेवला. दुसऱ्याची घडी घालता आली नाही. तिला वाचवायला मी गेले आणि माझ्यामुळेच ती तावडीत सापडली. तू हो-नाही कळवले नाहीस, गुरुपाद माझे नाव अजून पेन्सिलनेच लिहितो. आता ती बिनकामाची होईल, किंवा म्हैस छावणीतून बाहेर जाईल. बाहेर चारा नाही आणि पाणी नाही, हे तुला मी सांगायला नको. म्हैस गाभण आहे, दिवस भरत आले आहेत.

पोरीने कागद वाचला, नीट पाकिटात घातला आणि कणीक मळायला बसली.

“बाई, मी राजीनामा देते. तुमचा वर्ग तरी माघारी मिळंल.”

“माझ्या वर्गाची काळजी तू करू नको.”

“मग कुणाची करू?”

मी तवा ठेवला. तीच म्हणाली, “तो तिसरा रकाना व्हता न्हवं, जूनमधला? मला तवा लाज वाटली. क्रिकेट लिहिलं, झोप लिहिली पोरांनी. मी काय लिहू? माझं तिसरं म्हंजी ती म्हैसच हाय. दहावीला व्हते तवा पारडी आणली आमी. शाळेतून आले की तिच्याजवळ बसून पाठांतर करायची. ती हुंकार देती, बाई. कुणीतरी ऐकतंय असं वाटतं.”

मी तो रकाना दर वर्षी पाडते. म्हैस कोणी लिहील, हे माझ्या डोक्यात कधी आले नाही. मला वाटायचे, तिसरे म्हणजे चैन. कामाच्या ओझ्यातून वाचवून ठेवायचे काहीतरी. या मुलीचे तिसरेच ओझे आहे आणि तेच तिला उभे ठेवते आहे.

मग तिने विचारले, “तुमच्या तिसऱ्यात काय हाय?”

“प्रश्न मी विचारते,” मी म्हणाले.

तिला उत्तर दिले नाही. तुला देते.

बहात्तरच्या दुष्काळात आई गेली आणि वडिलांनी तुला माझ्याबरोबर औरंगाबादला पाठवले. तू दहा वर्षांचा होतास. मी कॉलेजात नुकतीच सहायक लागले होते आणि एम.एस्सी.ही चालू होते. एक खोली, एक स्टोव्ह. तुला सकाळी उठवणे हे त्या दोन वर्षांतले सर्वांत अवघड प्रात्यक्षिक होते. शाळा सुटली की तू प्रयोगशाळेत यायचास. तुला मी तराजूंच्या खोलीत बसवत असे, कारण तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही आणि दार कायम बंद असते. तू टेबलावर डोके ठेवून झोपायचास. आमचे सर वजन करायला आत यायचे, तुला बघायचे, दार हळू लावून परत जायचे. मला कधी काही म्हणाले नाहीत. मीही त्यांना कधी सांगितले नाही की घरी कोणी नाही, म्हणून हा इथे आहे. म्हशीसाठी कोण सुट्टी मागतंय, असे वैजयंता म्हणाली. भावासाठी तरी मी कुठे मागितली होती?

लोक विचारतात, हा वर्ग तुम्ही का सुरू केला. मी शिस्तीबद्दल बोलते. खरे कारण ती तराजूंची खोली आहे. मला कोणी तयार केले नव्हते.

तेव्हा माझ्या तिसऱ्या रकान्यात काय, ते तुला कळले. पुन्हा लिहीत नाही.

तुझ्या गहिनीनाथला मी सहा वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकात नापास केले. आजही करीन. तो वर्षभर प्रयोगशाळेत आला नव्हता आणि परीक्षेत त्याने पिपेट उलटी धरली. अध्यक्षाचा मुलगा म्हणून त्याला पास केले असते तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरांना मी काय सांगितले असते? तू त्या दिवसापासून बोललेला नाहीस. पण तुझ्या मुलाने अबोला धरला नाही, हे तुला माहीत नसेल. गेवराईच्या पंपाच्या दुकानातून तो दर संक्रांतीला येतो, तिळगूळ देतो, दोन भाकऱ्या खातो, मोटारी कशा जळतात ते सांगतो. बाबांना सांगू नका म्हणतो. सांगितले.

भाऊबीजेला मी ताट करते. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसे सहा वर्षे चंद्राला ओवाळले. भाऊ पाच किलोमीटरवर असताना.

रागवायचे तर माझ्यावर रागव. पोरीची नोटीस मागे घ्यायला सांग आणि हजेरी सहाला कर. मला उत्तर नको.

तुझी
अक्का


१ मार्च

चि. मोहन यास अनेक आशीर्वाद.

आज तू माझ्यापेक्षा जास्त बोललास. समोर मला बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून संध्याकाळी लिहायला बसले.

मला रात्रीपासून ताप होता, म्हणून आज निघायला उशीर झाला. रिक्षात मी हिशेब करत होते की साडेसात वाजून गेले, दाव्याला कोणी नाही, नाव कमी झाले असणार. पोरीला काय सांगावे तेच जुळवत होते. फाटकात तुझी जीप नव्हती, शहादेव नव्हता, म्हणून तू माझ्याशी बोलायला एकटाच आला असशील असे मनात आले नाही. सानपांच्या दावणीभोवती बायकांचे कडे होते आणि आतून सुंदरबाईंचा आवाज येत होता, “वढा की, अध्यक्षसाहेब! भाषण करताव का?”

मी आत घुसले. तू पांढऱ्या कपड्यांत शेणात गुडघे टेकून बसलेला. म्हैस आडवी. पारडाचे पुढचे पाय तुझ्या हातात.

“लई घट हाय,” तू म्हणालास. कोणाला म्हणालास कोण जाणे.

“कळ आली की वढा. मधी न्हाई. मधी नुसतं धरा,” सुंदरबाई.

तू धरलेस. कळ आली, ओढलेस, आणि ते ओले काळे जिवाचे गाठोडे तुझ्या मांडीवर पडले. तू त्याच्या नाकातोंडातले बोटाने काढलेस, पायाला धरून हलवलेस. ते शिंकले. बायका हसल्या. मग तू वर पाहिलेस आणि मी दिसले.

“पारडी हाय, अक्का.”

सहा वर्षांनी तू मला हाक मारलीस. मी म्हणाले, “बाह्या नीट वर कर.” याहून बरे काही सुचायला हवे होते.

गुरुपाद रजिस्टर घेऊन उभा होता. “साहेब, सानपांच्या दाव्याला घरचं माणूस कोन लिहू?”

“मी हाय की.”

“पण साहेब, घरचं...”

“अक्काच्या घरचा मी न्हाई का बे?”

त्याने लिहिले. वैजयंताची चूल माझी, माझा भाऊ तू, म्हणून तू सानपांच्या घरचा. माझा तर्क तू माझ्याही पुढे नेलास. तहसीलवाल्यांना तो पटेल की नाही, सांगता येत नाही.

तू नंतर म्हणालास की प्राचार्यांना तू काहीच सांगितले नव्हतेस, त्यांनीच पेपर वाचून नोटिसा काढल्या. मी विश्वास ठेवते. अध्यक्षाला बोलावे लागत नाही, त्याच्या न बोलण्यालाही लोक आज्ञा समजतात. पुढे ध्यानात ठेव. दुपारी तू फोन केल्यावर दोन्ही कागद परत घेतल्याचे त्यांनी लेखी कळवले आहे.

हजेरी उद्यापासून सहाला, हे तू सर्वांसमोर बोललास. आता बदलता येणार नाही. साडेसातचे कारण तूच कबूल केलेस, सुरुवातीच्या आठवड्यात तू स्वतः हजेरीला येत होतास आणि त्याआधी तुला उठवत नव्हते. मी कोणाला सांगितलेले नाही. बायकांनी ऐकले.

वैजयंता साडेदहाला धावत आली. तिला कोणी रस्त्यातच सांगितले होते. हाताला अमोनियाचा वास, वेणी सुटलेली.

मी विचारले, “प्रात्यक्षिक झालं?”

“झालं, बाई.”

“सगळ्या तुकड्यांचं?”

“सगळ्या.”

“मग जा.”

ती म्हशीच्या गळ्यात पडली. म्हशीने हुंकार दिला. मी आजवर ते तिचे काव्य समजत होते. म्हैस खरोखरच हुंकार देते.

तू घरी जेवायला आलास, पिठले पुन्हा मागून घेतलेस, हे चांगले झाले. मीठ कमी होते, तू बोलला नाहीस. मला कळले. पेपरवाल्याला काय सांगू असे तू विचारत होतास. म्हैस व्याली, असे सांग. त्याच्याजवळ तिचा फोटो आहेच.

ताप उतरला आहे. सकाळी तू उठशील असा भरवसा नाही, म्हणून साडेपाचला फोन करीन. उचल.

अक्का


२८ एप्रिल

चि. मोहन यास आशीर्वाद.

निवडणुकीत तू निवडून आलास, अभिनंदन. मते कमी पडली असे शहादेव म्हणत होता. सुंदरबाई म्हणतात, छावणीतल्या बायकांची सगळी तुलाच पडली. यावर फुगू नको. काट्याकडे लक्ष ठेव.

राधाकिशन आणि छबुबाई परवा कारखान्यावरून परत आले. राधाकिशन फारसे बोलत नाहीत. छबुबाईंनी आधी पारडीला बघितले, मग लेकीला, आणि विचारले, “ही येवढी वाळली कशानं?” वैजयंताच्या परीक्षा संपल्या आहेत. पेपर बरे गेले म्हणते. बरे म्हणजे काय, ते निकाल सांगेल.

जूनचा वर्ग मी यंदा घेणार नाही. प्राचार्य आग्रह करत आहेत, पण मी नाही म्हटले. ज्या पोरीला म्हशीसाठी सुट्टी मागायची लाज वाटली, तिनेच पुढच्या पोरांना ती मागायला शिकवावे. माझ्या तोंडून ते नुसते शिकवणे होते.

सर्व देणे-घेणे आज छावणीतच झाले. नोंद दोन प्रतींत केली. तू साक्षीची सही घाईत केलीस, म्हणून तुझ्या माहितीसाठी ती खाली उतरवते.

नोंद
दिनांक २८ एप्रिल २०१३, छावणी, तालुका आष्टी.

छबुबाई राधाकिशन सानप यांच्याकडे सोपवले:
म्हैस एक, दुभती, प्रकृती चांगली. गाय एक, उजव्या पायाला जखम होती, भरली आहे. पारडी एक, छावणीत जन्मलेली. नाव ठेवलेले नाही, ते घरच्यांनी ठेवावे. दावी तीन. बादली एक, बूड गळते.
घेतले: छबुबाई रा. सानप.
साक्षीदार: मोहनराव ग. थोरवे.

वैजयंता राधाकिशन सानप हिच्याकडे सोपवले:
नव्या पदवीधर सहायकांचा तयारी वर्ग, जून २०१३ पासून पुढे. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीची किल्ली. खडू, फळा पुसायचे फडके. तराजूंच्या खोलीत कोणाचे लहान भावंड झोपलेले आढळल्यास दार हळू लावण्याची जबाबदारी.
अट एकच. पहिल्या दिवशी प्रत्येकाला आधी विचारायचे की घरी कोण आजारी आहे, कोण एकटे आहे, कोणते जनावर गाभण आहे. ब्युरेट त्यानंतर हातात द्यायची.
घेतले: वैजयंता रा. सानप.